नानांचं फडकी डिपार्टमेंट

आमच्या घरात किस्से सिंकखालच्या बादलीतल्या कपड्यांसारखे साठतात. जुने निपटतायत तोवर नवा येऊन पडतो! आणि यंदाचे तर सगळे फडक्यांचेच!

झालं असं, की मी स्वयंपाकघरातला टिश्यू रोल कायमचा बंद केला. जुन्या सुती चादरी फाडून फडकी शिवली आणि थोडी ती स्पंजसारखी, धुवून धुवून वापरायची, विकत आणली. त्याच सुमारास सासूबाई गेल्या आणि नाना, म्हणजे माझे सासरे, सोलापूरहून बंगळुरात के. आर. पुरमला आमच्याकडे आले. आयुष्यभर कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर! इथे दिवसभर खिडकीत बसायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, "इथं मला काम काय? परतीचं तिकीट काढा." तिकडे रिकाम्या घरात ते एकटे राहणार, म्हणून मी रोज काहीतरी कारण काढून तिकीट पुढे ढकलायची.

*

स्पंजची फडकी वाळली की कडक होतात. एक मी डब्याला टेकवून ठेवलं होतं. नानांनी ते तव्यावर तूप सोडून खरपूस भाजलं! तुकडा मोडून बराच वेळ चघळला आणि गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, खाकऱ्यात मीठ विसरलीस."

*

खरं काय ते कळल्यावर त्यांनी सगळं खातंच ताब्यात घेतलं. प्रत्येक फडक्याला दोरा! निळा हात पुसायला, लाल ओट्याला, पिवळा भांड्यांना. एकदा माझ्या नवऱ्याचे, मंदारचे, साहेब महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून जेवायला आले. हात धुवून त्यांनी लाल दोऱ्याचं फडकं उचललं मात्र, नाना कडाडले, "रुकिए साहब! आपका डिपार्टमेंट नीला है!"

साहेब ओले हात वर धरून तसेच उभे राहिले!

*

हळदीचे डाग जाईनात, म्हणून नानांनी सुती फडकी सोडा घालून जुन्या कुकरमध्ये उकडायला लावली. वरच्या मजल्यावरच्या अक्का मूळच्या निपाणीकडच्या, पण इथे मुरलेल्या. शिट्टी ऐकून त्यांनी बाल्कनीतून विचारलं, "काय शिजायलंय ओ नाना?"

"फडकी!"

"सरी," म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि स्वतःचा गठ्ठा घेऊन खाली हजर. "माझी पण टाका की. स्वल्पच डाग हाईत." फडकी काळीकुट्ट होती!

तेव्हापासून दोघांची भागीदारी जमली. ढग भरून आले की अक्का वरून ओरडणार, "नाना, मळे!" मळे म्हणजे कन्नडमध्ये पाऊस; तो यायच्या आत नाना गच्चीवर!

*

वास छान यावा म्हणून मी एकदा धुताना सॉफ्टनर घातला. फडकी मऊ झाली, पण पाणी टिपेचनात, ओट्यावर नुसती घसरायला लागली! नानांनी दिवसभर एकेक फडकं पाण्यात बुडवून तपासलं. जेवताना एकच वाक्य: "पूर्ण लॉट रिजेक्ट!"

ओरडा खाऊन मला इतका आनंद कधीच झाला नव्हता!

*

पण शेवटी त्यांनी तिकीट काढायला लावलंच. "तिकडचं घर किती दिवस बंद ठेवायचं?" निघायच्या दिवशीसुद्धा सकाळी फडकी धुवून गच्चीवर वाळत घातली, मगच आंघोळ केली.

स्टेशनवर गाडी आली. नानांचा डबा शेडच्या बाहेर लागला. मंदारने बॅग आत ठेवली, मला तर रडूच फुटलं. नानांनी दांडा धरून पायरीवर पाय ठेवला आणि त्यांच्या चष्म्यावर टपकन थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं.

"मंदार, बॅग उतरव!"

आम्ही तोंड उघडायच्या आत ते स्टेशनबाहेर रिक्षात बसलेसुद्धा! रिक्षावाल्याला घाई करत आयुष्यात पहिल्यांदा कन्नड बोलत होते, "अण्णा, मळे! मळे! स्वल्प बेगा!"

घरी पोचलो तर दारात अक्का. हातात सगळ्या फडक्यांची नीट घडी. एकही भिजलं नव्हतं.

नानांनी वरचं फडकं उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"दमट आहे अजून," म्हणाले. "उद्याचं ऊन लागेल."