सहाव्या खोलीचं भाडं

कळंबच्या सोनबानं एक्क्याण्णव साली मेंढरं विकली आणि बारामतीत एमआयडीसीच्या अंगाला पत्र्याच्या सहा खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. गावानं त्याला वेड्यात काढलं. पण सोनबा हिशेबाचा पक्का. कळपातल्या म्हाताऱ्या मेंढ्या दर साली बाद होतात, त्यांच्या जागी कोकरं राखावी लागतात, तीच विकून खाल्ली की कळप संपतो, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. खोल्यांचंही त्यानं तसंच धरलं. जुना घेतलेला पत्रा पाच वर्षं टिकेल, पाण्याची मोटर चार, संडासाचं दार त्याआधीच कुजेल. म्हणून पाच खोल्यांचं भाडं घरात आणि सहावीचं खोल्यांनाच. बायको अंथरुणाला खिळली त्या वर्षीही त्यानं त्या पैशाला हात लावला नाही.

ते पैसे बारामतीत राहणाऱ्या धाकट्या भावाकडे, कुंडलिककडे असत. भाडं गोळा करणं, दुरुस्ती बघणं त्याच्याकडेच. सोनबा महिन्याला एसटीनं यायचा, भावाकडे जेवायचा आणि पाच खोल्यांचे पैसे घेऊन परतायचा. खोल्यांकडे फिरकायचा नाही. मेंढरं दुसऱ्याच्या राखणीत दिली की त्याच्या देखत मोजायची नाहीत, त्यात राखणाऱ्याचा अपमान होतो, अशी त्याच्या घरची रीत. मग सख्ख्या भावामागून पत्रे तपासत कोण हिंडणार? मोटर नवी बसवली, दारं बदलली, असं कुंडलिक सांगायचा. आपले भाडेकरू आपलं नाव काढत असतील, या विचारानं सोनबा परतीच्या एसटीत सुखानं डुलक्या घ्यायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नारायण नावाचा भाडेकरू खोली सोडत होता. कुंडलिक सकाळीच इंदापूरला गेलेला, म्हणून भाड्याचे पैसे न्यायला आलेला सोनबाच किल्ली घ्यायला गेला. नारायणची बायको यशोदा भांडी पोत्यात भरत होती. का सोडताय, असं त्यानं विचारल्यावर तिनं नुसतं वर बोट केलं. पत्र्याची चाळण झाली होती. मोटर जळली तेव्हा भाडेकरूंनीच वर्गणी काढून ती दुरुस्त करून आणली होती, दारंही त्यांनीच बसवली होती. मालक दमडी सोडत नाही, असं कुंडलिकनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सोनबा किल्ली न घेताच भावाच्या घरी परतला. दुपारी कुंडलिक परतला तेव्हा तो त्याच्या दारातच बसून होता. कुंडलिकनं काही लपवलं नाही. पैसे इंदापूरच्या प्लॉटात गेले होते, प्लॉट त्याच्याच नावावर होता.

"पैसं खाल्लंस, खा," सोनबा म्हणाला. "पर माजं नाव कशापायी खराब केलंस?"

"मग काय माजं करू?" कुंडलिक म्हणाला आणि हातपाय धुवायला आत गेला.

या पोराला सोनबानं खांद्यावर घेऊन मेंढरांमागं रानं तुडवली होती. त्याला रडू आलं नाही, भयंकर राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. निदान यशोदेला तरी खरं कळावं म्हणून तो भराभर खोल्यांकडे गेला. टेम्पो भरून झाला होता.

"ताई, म्या दर म्हैन्याला पैसं ठिवत व्हतो. भावानं खाल्लं," तो म्हणाला.

यशोदेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्यो तुमच्या नावानं सांगतो, तुमी त्याच्या. दोन पावसाळं भिजलो ते आमी."

नारायणनं टेम्पोत चढताना रामराम घातला, तो शेजारच्या भाडेकरूला.