ठोक्यामामाचं कोरडं लाकूड

आमचा मामा गेला त्याला आता दीड महिना झाला. यार्डात त्याला तोंडावर ठोक्याभाऊ म्हणायचे आणि पाठीमागे नुसता ठोक्या. बोट दुरुस्तीला आली की मामा आधी चहापण घ्यायचा नाही. खिशातून छोटी हातोडी काढायची, बोटीत उतरायचं, गुडघे टेकायचे आणि ठोकत ठोकत पुढे सरकायचं. कान पार खाली. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं.

फायबरच्या बोटीला आतून तळाशी लांबच्या लांब लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. सगळा जोर त्यांच्यावर, इंजिनपण त्यांच्यावरच बसतं. त्या लाकडावर फायबरचं कापड घालायचं, रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस, पाजायचं, परत कापड, परत रेझिन, की झालं दगडासारखं. पण आत लाकूड ओलं राहिलं तर संपलं. वरून चकचकीत आणि आतून भुसा. बघून कोणाच्या बापाला कळत नाही. मामाच्या हातोडीला कळायचं. चांगलं असलं की टण्ण, कुजलं की भद्द.

म्हणून मामाची एक रीत होती. फळीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले की त्या दिवशी काम बंद. गिऱ्हाईक नाचलं तरी बंद.

बाबांची बोट माणसं पलीकडच्या काठाला सोडायची. एकदा तिचे सगळे स्ट्रिंगर मामाने नवीन घातले. बाबा म्हणजे घोड्यावर बसूनच जन्माला आलेले. रोज सकाळी यार्डात हजर.

"काय मेव्हणे, लाकूड वाळवताय का म्हातारं करताय?"

"दाजी, दोन दिवस थांबा."

"अहो दोन दिवस करत पंधरा झाले! लोक दुसऱ्याच्या बोटीत बसायला लागले. तुमच्या बहिणीला तुमच्याकडेच पाठवू का जेवायला?"

त्या सकाळी मामाने प्लास्टिक काढलं. सगळं कोरडं होतं, फक्त इंजिनाच्या मागच्या डाव्या फळीला चार थेंब. बाबा डोक्यावर उभे. मामाने अंगठ्याने थेंब पुसले आणि कापड घातलं. आयुष्यात एकदाच. हे त्याने मामीलापण सांगितलं नव्हतं.

तीन वर्षं बोट झकास चालली. मग बाबांनी ती रंगाला वर काढली. मामा हातोडी घेऊन उतरला. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि डाव्या बाजूला इंजिनाच्या मागे भद्द. मामाने परत ठोकलं. भद्द.

आता गंमत बघा. मधल्या काळात बाबांनी कोणाला न विचारता त्याच फळीत बोल्ट मारून डिझेलची टाकी बसवली होती. आवाज ऐकल्यावर बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं बोल्टाच्या भोकातून पाणी गेलं. मामा काही बोलायच्या आधीच घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं, मी माती खाल्ली. आई मग काय सोडते! दोन दिवस तिने त्यांना फोडणीला घातलं. "माझ्या दादाच्या कामात भोक पाडता? विचारायला जीभ झडली होती? भरल्या बोटीत इंजिन सुटलं असतं म्हणजे?"

मामा समोर बसून ऐकत होता. गप्प राहिला असता तर यार्डात नाव राहिलं असतं, बहिणीच्या घरातला मानपण राहिला असता. सगळं बाबांच्या अंगावर गेलंच होतं. दोन रात्री तो जेवलाच नाही. मामीला वाटलं ताप आहे.

तिसऱ्या दिवशी त्यानेच आईला यार्डात बोलावलं. आई कधी तिकडे जायची नाही, फायबरची धूळ अंगाला लागली की दिवसभर खाजतं म्हणून. मामाने ग्राइंडर लावला, वरचं कवच कापलं आणि आत हात घातला. काळं, मऊ, ओलं लाकूड मुठीने बाहेर आलं.

"दाजी, तुमचा बोल्ट इकडे पुढे आहे," मामा म्हणाला. "त्याच्याभोवती लाकूड बघा, घट्ट आहे. कुजलंय मागे, बोल्टापासून हातभर लांब. मी ओलं लाकूड झाकलं. थेंब बघितले होते मी."

आई नुसती भावाकडे बघत राहिली. मग बाबा म्हणाले, "घाई मी केली, मेव्हणे."

"घाई तुमची. पण पुसलं मी."

"दोन दिवस मी फुकट शिव्या खाल्ल्या म्हणजे," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "फुकट कशाला? बोल्ट मारलाच होतात ना!" आणि पदराने डोळे पुसायला लागली. धूळ गेली म्हणाली.

मामाने ती फळी पूर्ण काढली. नवीन फळी एकोणीस दिवस वाळवली. रोज प्लास्टिक लावायचा आणि सकाळी बाबांना बोलवायचा, "बघा, मग मी बघतो." बाबा एकदाही घाई करा म्हणाले नाहीत. कापड घालायच्या आधी मामाने लाकडावर पेन्सिलीने लिहिलं, "कोरडं आहे. दोघांनी बघितलं." रेझिन सुकल्यावर कापड काचेसारखं झालं आणि अक्षरं आतून दिसायला लागली. बाबांनी सगळ्या तळाला रंग मारला, तेवढी वीतभर जागा सोडली.

पुढे त्या फायबरच्या धुळीने मामाची छाती निकामी केली आणि त्यातच तो गेला. धुळीत तोंडाला फडकं कधी बांधलं नाही. मामी ओरडून ओरडून दमली, तर म्हणायचा, तोंड बांधलं की कान बंद होतात. आता याला काय बोलायचं.

तो गेल्यावर आई आठ दिवस कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस बाबा तिला बोटीवर घेऊन गेले. इंजिनामागचं पायाखालचं झाकण उचललं आणि मामाची हातोडी तिच्या हातात दिली. आई खाली बसली. तिने ती अक्षरं वाचली, मग हळूच ठोकलं.

टण्ण.

परत ठोकलं. बाबा म्हणाले, सावकाश, घाई नाही.