हाताला बसणारी गन

खरेदीला जायचं तर मी आधी कागदावर उतरवते. त्या दिवशी लिहिलं होतं: पॉलिश फवारायची गन वजनाला हलकी, कप वरच्या बाजूला, धुवायला सोपी. कॉम्प्रेसर घरच्या विजेवर चालणारा. थरथरीबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण सगळी यादी तिच्यासाठीच होती.

नवऱ्याने उभं आयुष्य लाकडाला हाताने पॉलिश केलं. कापडाची पोटली लाखेत बुडवायची आणि न थांबता फिरवायची. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात कापायला लागला. पोटली मध्येच अडायची, डाग पडायचा. कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि थरथर पूर्ण जाणार नाही, हेही सांगितलं. वर्कशॉपमध्ये एक सागवानी देवघर नुसतं घासून उभं होतं. गन लाकडाला टेकवावी लागत नाही, तेव्हा ती तरी ह्यांना जमेल, अशी आशा होती. नाही जमली तर ह्यांचं काम संपलं. दोघांनाही ते ठाऊक होतं, बोललं कुणीच नव्हतं.

नया बाजारातल्या दुकानात कॉम्प्रेसर लवकर ठरला. लहान टाकीची हवा अर्धं दार फवारून होईपर्यंतच कमी पडते, थांबावं लागतं, आणि थांबलं तिथे जोड दिसतो. दुकानदाराने सगळ्यात मोठा पुढे ओढला.

"भाईसाहब, ये ले जाइए, पूरा किला रंग दीजिए!"

"किला तो रंगा हुआ है भैया. हमें एक छोटा-सा मंदिर करना है," हे म्हणाले.

आम्ही मधला घेतला, हवेतलं पाणी अडवणाऱ्या फिल्टरसकट.

मग गन. हे एकेक उचलून बघत होते. रिकामी गन हातात अगदी स्थिर राहिली. माझा जीव भांड्यात पडला. दुकानदाराने कपात पाणी भरलं, नळी जोडली आणि दाराबाहेर खोक्याचा पुठ्ठा उभा केला. ह्यांनी घोडा दाबला. पाण्याचा पट्टा सरळ निघाला, मग खालीवर झाला. एकीकडे पुठ्ठा कोरडा, दुसरीकडे पाण्याचे ओघळ. डाव्या हाताचा आधार देऊन पुन्हा केलं. तसंच.

"पहली बार में सबका ऐसा ही होता है," दुकानदार म्हणाला.

"हाथ तो पुराना है, भैया," हे म्हणाले.

मग ह्यांनी गन माझ्यापुढे केली. "धर. घोड्यापर्यंत बोट पुरतंय का?"

"अहो, मी कशाला?"

"धर गं."

मी धरली. बोट जेमतेम पुरत होतं. ह्यांनी ती काढून घेतली, दुसरी दिली. "आता? मनगट वळवू नकोस, अख्खा हात ने." मी हात नेला. पट्टा वाकडाच आला, पण थरथरला नाही.

"यही दे दो," हे दुकानदाराला म्हणाले.

परतताना ऑटोत कॉम्प्रेसर दोघांच्या मध्ये होता.

वर्कशॉपमध्ये देवघराची मागची फळी आधी घेतली, भिंतीकडे जाणारी. लॅकर, म्हणजे फवारायचं पॉलिश, ह्यांनी स्वतः गाळून कपात भरलं, थोडं सांडलं, ते मी पुसलं नाही. मास्क लावून, गन धरून मी उभी राहिले. हे शेजारून सांगत होते, "चल... थांबू नकोस... कडेच्या बाहेर जाऊन घोडा सोड."

वाळल्यावर ह्यांनी फळीवरून बोटं फिरवली. बोटं कापत होती, तरी त्यांना सगळं कळत होतं.

"खरखरीत आलंय," हे म्हणाले. "घासून घे. उद्या परत मार."