बाबांच्या उंबऱ्यावरून परत

नव्व्याण्णव साली, बुद्धपौर्णिमेला, मी आमच्या वाडीच्या विहारात उभी राहिले आणि येशूबद्दल बोलायला लागले. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटीत मारावीशी वाटते. रत्नागिरीत नर्सचं काम करताना मला विश्वास मिळाला होता, बाप्तिस्मा नुकताच झाला होता आणि सगळी वाडी आयती एका जागी बसलेली सापडली होती. खिरीची पातेली तशीच राहिली, माणसं उठून गेली. माझ्या बाबांनी पोरवयात आईबापांसोबत देव्हाऱ्यातले देव पूर्णगडच्या खाडीत सोडून दीक्षा घेतली होती. त्या बाबांना माझ्यापायी सगळ्यांची हात जोडून माफी मागावी लागली.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टी, त्यांचीच लेक. दर रविवारी उपासना संपली की एसटी पकडून जायची आणि अंगणातल्या चिऱ्यावर बसायची. वहिनी बिचारी पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. एरवी वाटसरूलाही चहा विचारणाऱ्या शेजारणी मला बघून दारं ओढून घ्यायच्या. मी बायबल मांडीवर उघडून बाबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायची. आतून खोकला यायचा, बाकी काही नाही. असं चार वर्षं चाललं.

मग बाबांनी अंथरूण धरलं. एका रविवारी वहिनी बाहेर येऊन म्हणाली, बाबा आत बोलावतायत. मी धावतच उंबऱ्यापाशी गेले. बाबांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं.

"बाय, पोर म्हणून ये. ते बाहेर ठेव."

"ते ठेवून मला नाही येता येणार, बाबा."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी निघाले. वाटेत रडले, पण खोटं कशाला बोलू, मनातून ताठ होते. देवानं परीक्षा घेतली आणि मी टिकले, असं वाटत होतं.

बुधवारी बाबा गेले.

चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, तू विश्वासू राहिलीस. मी त्यांच्यावर खेकसलेच. माझा विश्वास तसूभरही हललेला नाही, आजही कुणी विचारलं तर येशूबद्दल सांगते, कुणी हाकललं तर ऐकून घेते. पण ज्याच्याबद्दल सांगते, तो आजाऱ्याच्या दारातून असा परत फिरल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

बाबांचं पुण्यानुमोदन झाल्यावर मी वहिनीला विचारलं, त्या रविवारी बाबांना काय बोलायचं होतं. ती म्हणाली, बोलायचं काही नव्हतं, पाय फार ठणकत होते, तुझ्याकडून चेपून हवे होते.