काशिनाथनं हात वर केला

काशिनाथ गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या स्टँडवर कळलं. ‘काका, अप्पा गेले,’ एवढंच त्याचा मुलगा फोनवर म्हणाला. रडू यायला हवं होतं, आला तो संताप. आता भांडायचं कुणाशी?

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ एवढंसं होतं. खालचं दगडी काम यादवांच्या काळातलं, दगडावर दगड बसवलेलं. वरचं विटांचं शिखर मागाहून कुणीतरी चढवलेलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, काशिनाथचं किराणा दुकान. दुपारी दुकान बंद झालं की आम्ही दोघं खांबांवरचा ऑइलपेंट खरवडत बसायचो. निळ्या रंगाखालून एक नाचणारी बाई निघाली, तर हा पठ्ठ्या गावभर सांगत सुटला. शिखरातली पिंपळाची मुळं काढून भेगा चुन्यानं भरल्या. चुना चिवट व्हावा म्हणून त्यात घालायला गूळ त्याच्या दुकानातला, बेलफळं उकळलेली वहिनींनी. ‘देवाला काय लाडू करायलाव का?’ असं त्या चिडवायच्या. फार सुखाचे दिवस होते ते...

मग एका पुढाऱ्यानं सिमेंटचं मोठं मंदिर बांधून द्यायचं कबूल केलं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी काशिनाथ म्हणाला, ‘तू बिनघोर ऱ्हा. मी हाय ना.’ त्याच्या भरवशावर मी सभेत उठून विरोध केला. जुनं पाडायला कोण तयार, असं विचारल्यावर भराभर हात वर झाले. त्यात काशिनाथचाही होता. माझ्या शेजारी बसून!

बाहेर मी त्याला अडवलं. ‘काहून केलंस रं असं?’

‘समद्यांचा हात वर... माझा एकट्याचा खाली कसा ठिवू? दुकान गावातच चालवायचंय मला.’

‘मग काल तसं सांगायचं होतंस!’

तो दुकान उघडायला निघून गेला. जेसीबी आला त्या दिवशी मी तिथं उभा होतो, तो फिरकला नाही. त्यानंतर आमचं बोलणं कायमचं तुटलं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘चला, देवाला जाऊन येऊ.’ नव्या मंदिराचं दार हत्ती जाईल एवढं. आत शिरताना त्या सहज बोलल्या, ‘जुनं दार ठेंगणं व्हतं ना... ह्यांची सवय मोडलीच न्हाई बगा. हितं बी रोज कमरेत वाकूनच आत जायचे. लोक लई हसायचे.’

मी उंबऱ्यातच थांबलो. म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. रोज. विसरला असता, तर त्याला माफ करणं सोपं गेलं असतं.