झाडलेल्या जमिनीवरची चाचणी

२००८ सालच्या मार्चमध्ये आमची आठ जणांची तुकडी दरेकस्याजवळच्या कॅम्पवर पोहोचली. काम होतं यंत्राच्या चाचणीचं. सुरुंगापर्यंत माणसाऐवजी जाणारी, रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी. पुढे कॅमेरा आणि एक पकड. चालवणारा दोनशे मीटर मागे पडद्यासमोर बसतो. यंत्रावर भरवसा ठेवायचा तर आधी त्याला नापास करायचा मनापासून प्रयत्न करावा लागतो. हे वाक्य मला कोर्सपासून तोंडपाठ होतं. अर्थ कळायला किंमत मोजावी लागली.

मी हवालदार, चाचणीचा इन्चार्ज. गाडी चालवायचा नायक सुखराम शेंडे, नवेगाव बांधच्या मासेमाराचा मुलगा. मी अर्जुनी मोरगावचा. इथली बोली येते म्हणूनच आम्हा दोघांना निवडलं होतं.

0600 ला पीटी, 0900 ला पहिली रन. प्रत्येक रनची एक शीट: अंतर, वेळ, जमीन, निकाल. वीस रन पास झाल्या की गाडी प्रत्यक्ष कामाला मोकळी.

झाडू, चुना आणि गेरू हे फौजेचे तीन देव. साहेब येणार म्हटलं की आधी त्यांची पूजा. मार्चमध्ये सागाची पानं रोज घोटाभर पडायची आणि रोज सकाळी आमची फटिग पार्टी, म्हणजे साफसफाईला लावलेले जवान, चाचणीची जागा लख्ख झाडून काढायची. हुकूम माझा होता.

चौथ्या दिवशी सुखराम म्हणाला, "उस्ताद, एक रन पानातून घेऊन पाहू ना. जंगलात कोन झाडून ठेवते जी?"

"दहा वाजता कर्नलसाहेब येऊन राहिले. त्याहिले कचरा दाखवाचा हाय का?"

"दाखवाचं नाई. पाहाचं हाय."

"गुमान चालव."

त्याने चालवली. गाडी पास झाली. शीटवर जमिनीच्या रकान्यात मी लिहिलं: जंगल. वीसच्या वीस शीटवर तेच लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात 0640 ला वायरलेसवर निरोप आला. जंगलरस्त्यावर नाल्याच्या रपट्याखाली, म्हणजे ठेंगण्या पुलाखाली, स्टीलचा डबा, डब्यातून निघालेली वायर. 0735 ला आम्ही जागेवर होतो. कॅप्टनसाहेबांनी गाडी सोडायला सांगितलं.

"साठ मीटर," सुखराम पडद्याकडे बघत बोलत होता. "पन्नास. चाळीस."

मग तो बोलायचा थांबला. पडद्यावरचं चित्र हलत नव्हतं. मी दुर्बीण लावली. पानं रबरी पट्ट्यात गुंडाळत गेली होती आणि पट्टा चाकावरून उतरला होता. गाडी पुढे जाईना, मागेही येईना.

"घाई नको. दुसरी टीम बोलावतो," कॅप्टनसाहेब म्हणाले. निर्णय बरोबर होता.

0751 ला टेकडीवरच्या जवानाचा आवाज आला. "नाल्यापलीकडून बाया येत आहेत. मोहाच्या टोपल्या आहेत. सात-आठ जणी. रपट्याकडेच. ओव्हर."

"थांबवा त्यांना."

"पलीकडे आपलं कोणी नाही सर. हाक पोहोचत नाही. ओव्हर."

सुरक्षेचा सूट चढवायला पाच मिनिटं लागतात. सुखरामने नुसतं हेल्मेट घातलं आणि साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "लांबून जा." तो नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरला आणि वळसा घालून पळाला. त्याने दोन्ही हात पसरून बायांना अडवलं. एकेकीला ढकलून काठाच्या आड घातलं. शेवटची म्हातारी होती, तिला तो उचलूनच नेत होता. 0758 ला डबा फुटला.

म्हातारी वाचली. सगळ्या वाचल्या.

चौकशीत मेजरसाहेबांनी शीट माझ्यापुढे ठेवल्या. "जमीन जंगलाची होती ना?"

"जंगलाची होती सर. झाडलेली होती. मी झाडून घेत होतो."

"हे लिहिलं का नाही?"

"तसं लिहायचं असतं हे सुचलंच नाही सर."

मला ताकीद मिळाली, बढती थांबली. दोन्ही कमीच होतं. मी एकच विनंती केली, फेरचाचणी माझ्याकडे द्या. पानातल्या पहिल्याच रनला पट्टा अकराव्या मीटरला उतरला. इंजिनियर लोकांनी चाकापुढे पत्र्याचा आडोसा बसवला. आम्ही गाडी पानात चालवली, चिखलात, धानाच्या खुंटांतून, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून. ती नापास होत गेली, ते बदल करत गेले. पावसाळा गेला तेव्हा ती पास झाली. त्या दिवशी जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी तंबूत जाऊन रडलो.

रिटायर झाल्यावर नवेगाव बांधला गेलो. सुखरामचे वडील तळ्याच्या काठी जाळं दुरुस्त करत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, शीटसकट. त्यांनी हातातली गाठ पुरी केली.

"आता चालते का थे गाडी?"

"चालते बाबा. पानातबी चालते."

"मंग माह्या पोराच्या बारीले काऊन नाई चालली?"

"तो सांगत होता. मी आयकलो नाई."

त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. मी जायला उठलो, तर म्हणाले, "बस. सरकारच्या कागदात लिवलं हाय का, शूर होता. शूर तं होताच. पन त्यानं आधी सांगतलं होतं, हे त्या कागदात नाई. मी मरन मंग हे सांगाले तूच राहशीन. लिवून ठेव."