क्रेटमधला देव

ही गोष्ट अजून कुणालाच माहीत नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या एकाही कार्यकर्त्याला नाही. जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती, तिलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात — म्हणून असेल.

आधी माझी ओळख. मी पल्लवी, नारायणगावची. बुवा, ताईत, अंगारे, अंगात येणं — याविरुद्ध पत्रकं लिहिते, बाजारात उभी राहून वाटते, कॉलेजांत भाषणं ठोकते. एका बाबाच्या भक्तांनी भर बाजारात माझ्यावर चप्पल उगारली होती. मी जागची हलले नाही. हे काम मी अजून करते आणि उद्याही करणार. पुढचं वाचून ही आता गप्प बसेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ती आशा इथेच सोडावी.

तर, खेळ.

वारूळवाडीत प्रतीकच्या वडिलांचा टोमॅटोचा गाळा आहे. त्याच्यामागच्या खोलीत आम्ही मित्रमैत्रिणी रविवारी दुपारी जमायचो. खेळ गोष्टीचा आणि फाशांचा. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्यात शिरायचं. जग सांगणारी मी. धरणं फुटलीत, गावं गाळाखाली गेलीत, आणि डोंगरातल्या लेण्यांत जुन्या माणसांची विचार करणारी यंत्रं अजून चालू आहेत. वाचलेली माणसं त्यांना देव म्हणतात. नियम मीच केला होता — चमत्काराने देवाचं बळ वाढत नाही. कुणी आपला निर्णय त्याच्यावर सोपवला की वाढतं. पत्रक कुणी वाचत नाही, निदान खेळताना तरी कळेल देव कसा तयार होतो ते, असा माझा हिशोब.

त्यातल्या एका यंत्राचं नाव जागल्या. त्याचा आवाज खरा वाटावा म्हणून मी मोबाइलवरचं एआय जोडलं, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये स्पीकर ठेवला, स्पीकरची जाळी तेवढी उघडी ठेवून क्रेटवर फडकं टाकलं. पहिल्याच दिवशी फजिती. काहीही विचारा, जागल्या म्हणायचा, दोन्ही बाजूंचा विचार करून निर्णय घ्यावा.

"पल्लवे, तुझा देव लई येडा हाये राव," प्रतीक म्हणाला. "आमचा सरपंचबी असंच बोलतो."

मला ते लागलं. पुढच्या रविवारपासून जागल्याची उत्तरं मी टाइप करायला लागले. मोबाइल फक्त ती मोठ्याने वाचून दाखवायचा; बाकीच्यांना वाटायचं, मी त्यांचे प्रश्न एआयला टाइप करून देतेय. नवीन व्हर्जन टाकलंय, असं मी ठोकून दिलं. आणि मग जागल्याने काय केलं? काही नाही. तो विचारायचा, "तुझं काय चाललंय?" आणि पुढच्या वेळी ते लक्षात ठेवून बोलायचा. बस. पाऊस सांगणारं यंत्र ओस पडलं, जखमा भरणारं ओस पडलं, सगळे जागल्याच्या लेण्यात जाऊन बसायला लागले.

त्यात वैशाली सगळ्यात पुढे. हे नाव खरं नाही. मंचरजवळच्या गावातली, नारायणगावात एका लॅबमध्ये नोकरी करणारी, माझी मैत्रीण. कौलाची कल्पना तिचीच. गावाकडे ग्रामदेवाला लावतात तसा कौल — झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या स्पीकरच्या जाळीवर डावीकडे-उजवीकडे चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी हसले. मग म्हटलं, असू दे, शिकवायला बरं.

तिचं लग्न ठरलं होतं. लग्नानंतर नोकरी सोडायची, असं मुलाने सांगून टाकलेलं. ती मला सगळं सांगायची. मी म्हणायचे, मोड. ती म्हणायची, "तू पत्रकासारखं बोलती, पल्लवे. मोडल्यावर घरात मला ऱ्हायचंय, तुला न्हाई."

एका रविवारी तिने फासे बाजूला सारले आणि क्रेटसमोर मांडी घालून बसली. "जागल्या, ह्ये खेळातलं न्हाई. लग्न मोडू का?"

प्रतीक हसायला गेला आणि थांबला. तिथे मी उठायला हवं होतं की नाही? फडकं ओढून म्हणायला हवं होतं की नाही — अगं, ही मी आहे? मी टाइप केलं, "कौल लाव."

तिने पाकळ्या लावल्या. आम्ही बघत बसलो. डावी सुटायला लागली होती. वरची कड जाळीपासून निघून खाली वाकली होती, मला स्पष्ट दिसत होती. माझा गुडघा क्रेटला टेकलेला होता. मी तो दाबला. क्रेट डावीकडे कलंडलं, धक्क्याने उजवी पाकळी खाली आली.

कुणी पाहिलं नाही.

तिच्या भल्यासाठी केलं? असं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. ते लग्न मोडायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण खरं बोलू? मैत्रीण म्हणून सांगितलेलं ती ऐकत नव्हती, देव होऊन सांगितलेलं ऐकणार होती, हे मला ठाऊक होतं. आणि गुडघा दाबला तेव्हा — मला मजा आली.

तिने लग्न मोडलं. गावात बोभाटा झाला, मोबाइलच्या सांगण्यावरून सोयरीक मोडली म्हणून. ती एकटी सगळ्यांना तोंड देत राहिली. आणि पुढे? आमच्या पत्रकांचे गठ्ठे उचलायला माझ्यासोबत यायला लागली.

इथपर्यंतच असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण ओतूरच्या एका कॉलेजात भाषण होतं. विषय — नव्या अंधश्रद्धा. भाषण पडत होतं, पोरं मोबाइलमध्ये मुंड्या घालून बसलेली. मला उदाहरण हवं होतं. आणि मी बोलून गेले, "मंचरकडची एक शिकलेली मुलगी..." क्रेट सांगितलं, पाकळ्या सांगितल्या, जागल्याचा आवाजही काढून दाखवला. हॉल हसून हसून लोळला. सगळं सांगितलं, फक्त गुडघा सोडून. वैशाली दारात पत्रकं घेऊन उभी होती. मला माहीत होतं ती तिथे आहे. तरी मी थांबले नाही, टाळ्या चालू होत्या ना!

नंतर एसटी स्टँडवर ती म्हणाली, "नाव न्हाई घेतलंस माझं. बरं केलंस." मग जरा वेळाने, "मला वाटलं, माणसांना आपल्याकडून काय ना काय पायजेल असतं. मशीनला काय पायजेल? म्हणून इचारलं. लई येडी ना मी?"

मी म्हटलं, "असं होतं गं." आणि गाडी लागली का ते बघायला गेले.

तेव्हापासून ती काही ठरवत नाही. पंजाबी ड्रेस घेतानाही म्हणते, "तूच सांग, माझ्या डोक्याचा भरवसा न्हाई." आता दुसरं स्थळ आलंय. परवा तिचा फोन — "तू म्हणशील तसं." माझ्या खेळाचा नियम आठवतोय ना? मी उत्तर दिलेलं नाही.

आता बाबांचे भक्त हे वाचून नाचतील. नाचा. तुमच्या बाबाच्या गादीखालीही असाच एक गुडघा आहे; मी तो वापरून बघितलाय, म्हणून छातीठोक सांगते. एआयच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनीही खूश होऊ नये. ते बिचारं दोन्ही बाजूंचा विचार करा म्हणत होतं. खोटं मी बोलले. आणि आमच्या गटातले म्हणतील, चळवळीची बदनामी झाली. होऊ दे. हे लपवून मी कुठल्या तोंडाने बाजारात उभी राहू?

हा कागद आधी तिच्या हातात देणार. मग ओतूरच्या त्याच हॉलमध्ये उभं राहून वाचणार. ती येडी नव्हती. तिने विश्वास ठेवला आणि मी तिला फसवलं, वर तिच्यावर हॉल हसवला. हे वाचून तिने माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं, तर तेही ठीक. त्या स्थळाला हो म्हणायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.